उशाशी तिजोरी

हाजी खलफांनी मसूदावर पिस्तूल रोखलं तेव्हा ती त्यांच्यासाठी चहा घेऊन आली होती. दुपारची झोप झाली की त्यांना वेलचीचा काळा चहा लागायचा, आणि कित्येक वर्षं तो तीच आणत होती. त्या दिवशी ती खोलीत शिरली तर हाजी पलंगावर उठून बसलेले, उशाखालचं पिस्तूल हातात, आणि ही बाई जन्मात पाहिली नसावी अशी नजर.

"कोण तू? तुला आत कुणी सोडलं?"

मसूदा जागच्या जागी थांबली. ट्रेमधले पेले एकमेकांवर किणकिणत राहिले. बोलणं ऐकून हाजींची बायको, उम्म राशिद, बाजूच्या खोलीतून आली. तिनं नवर्‍याच्या खांद्यावर हात ठेवला आणि रोजच्यासारखंच म्हणाली, "मसूदा आहे. चहा आणलाय तिनं." हाजींनी पिस्तूल चादरीवर ठेवलं, पेला उचलला आणि विचारलं, "साखर कमी आहे ना?"

मसूदा स्वयंपाकघरात येऊन फरशीवर बसली. ती कोकणातल्या म्हसळ्याची. नवरा वारल्यावर इकडे बहरीनला आली होती आणि या घरात स्वयंपाक करायची. ड्रायव्हर जैनुद्दीन गाडी पुसून पाणी प्यायला आत आला, तेव्हा ती तशीच बसलेली होती.

"काय झाला, मसूदाबुबू?" वयानं मोठी म्हणून तो तिला बुबू म्हणायचा.

"अरबाबनी माझ्यावर बंदूक धरलानी," ती म्हणाली. "मंग साखर इचारलानी."

जैनुद्दीन हर्णैचा. बहात्तर साली बहरीनला आला तो हाजींच्याच दुकानात. मनामाच्या बाजारात लाँचची इंजिनं, दोर, रंग असल्या सामानाचं हाजींचं दुकान होतं. त्यांनीच त्याला अरबी शिकवली आणि गाडी शिकवली. त्याच्या मुलीच्या लग्नाला स्वतः येता आलं नाही म्हणून टेलिफोनवर मुलीशी बोलले. लोक मालकाला 'अरबाब' म्हणतात तसा तोही म्हणायचा, पण त्याच्या तोंडी त्या शब्दाला वेगळा अर्थ होता. दुकान मुकादमाच्या हाती देऊन हाजी सनद गावातल्या खजुरीच्या बागेतल्या घरात राहायला गेले, तेव्हा त्यांनी सगळ्या माणसांमधून फक्त जैनुद्दीनला बरोबर नेलं.

पिस्तूल जुनं होतं, परवान्याचं. दुकानातून पैशाची पिशवी घेऊन एकटे निघायचे त्या दिवसांपासून ते हाजींच्या अंगावर असायचं आणि झोपताना उशाखाली. दर शुक्रवारी नमाजाहून आल्यावर ते तेल लावून पुसत. कुणाला त्याचं काही वाटत नसे. पण गेल्या वर्षापासून हाजी विसरायला लागले होते. आधी माणसांची नावं, मग दुकानाचा रस्ता, मग जेवलो की नाही ते. काही दिवस अगदी साफ जायचे, काही दिवस असे जायचे. उम्म राशिदनं एकदा गुपचूप गोळ्या काढून ठेवल्या. हाजींनी पिस्तूल हातात घेताच वजनावरून ओळखलं, आणि गोळ्या परत मिळेपर्यंत ते दोन दिवस जेवले नाहीत.

मसूदाच्या प्रकारानंतर उम्म राशिदनं हट्ट धरला की ही वस्तू घरात नको. हाजी त्या दिवशी साफ होते. मान खाली घालून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझ्या घरात माझं हत्यार माझ्याजवळ असू नये, इतका मी वाईट झालोय का?" शेवटी असं ठरलं की पलंगाजवळ लहान तिजोरी बसवायची आणि पिस्तूल त्यात ठेवायचं. निवड हाजी स्वतः करणार होते.

निघण्याआधी उम्म राशिद गाडीपाशी आली. हाजी आत जोडे घालत होते.

"जैनुद्दीन," ती हळूच म्हणाली, "त्यांना उघडता येणार नाही अशी आण."

"बीबी, निवडणार ते आहेत."

"ते तुझं ऐकतात," ती म्हणाली आणि आत गेली.

बाजारात शब्बीरचं दुकान होतं. शब्बीर बोहरी, कुलपं आणि तिजोर्‍या विकायचा. त्यानं हाजींना खुर्ची दिली, कहवा मागवला आणि समोर तीन तिजोर्‍या मांडल्या. पहिली किल्लीची. किल्ली हाजींच्याच खिशात राहणार, तेव्हा ती असून नसून सारखीच, हे जैनुद्दीननं मनातच ठरवलं. हाजींनीही ती बाजूला सारली. "किल्ली मी रोज हरवतो," ते हसून म्हणाले.

दुसरीला गोल चकती होती. तीन आकडे ठरवायचे आणि चकती एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, पुन्हा उजवीकडे फिरवून ते बरोबर खुणेवर आणायचे. तिसरीला बटणं होती. ती शब्बीरनं शेवटी काढली, कारण तीच त्याला विकायची होती.

"हाजी, उशाशी ठेवायची तर ही," तो म्हणाला. "दिवा लावायला नको, चष्मा नको. कुठलं बटण कितव्यांदा, हे बोटांना कळलं की झालं. झोपेत पण उघडेल. घरात कुणी शिरला तर चकती फिरवत बसायला वेळ कुठला?"

हाजींनी बटणांवर बोटं ठेवली. डोळे मिटून दाबून पाहिली. दार टक्‌ करून उघडलं, तसे ते लहान मुलासारखे खूश झाले. पुन्हा बंद केलं, पुन्हा उघडलं.

जैनुद्दीन बघत राहिला. हाजी नावं विसरत होते, पण त्यांची बोटं काहीच विसरत नव्हती. दोराची गाठ ते अजूनही बोलता बोलता मारायचे, तस्बीहचा मणी कधी चुकत नसे. बटणं बोटांना एकदा कळली की ती हाजी असेपर्यंत राहिली असती. चकतीचे आकडे मात्र डोक्यात ठेवावे लागतात.

"अरबाब, ही बटणांची नको," तो म्हणाला.

"का?"

"आपल्याकडची हवा खारट. आत स्प्रिंगा असतात, गंजतात. दोन उन्हाळ्यांत अडकेल. चकतीची मजबूत."

शब्बीरनं त्याच्याकडे चमकून पाहिलं. दोन्हींचं लोखंड एकच होतं आणि हवेचा दोन्हींना सारखाच त्रास होता, हे त्याला माहीत होतं. त्यानं तोंड उघडलं, जैनुद्दीनचा चेहरा पाहिला आणि काय समजला कोण जाणे, चकतीची तिजोरी पुढं सरकवली.

हाजींनी बटणांवरून हात काढला. त्यांना ती आवडली होती, हे दिसत होतं. "जैनुद्दीनला यंत्रातलं कळतं," ते शब्बीरला म्हणाले. "तो म्हणतो ती दे."

आकडे कसे लावायचे ते शब्बीरनं दाखवलं. हाजींनी त्याला थोडं लांब जायला सांगितलं, स्वतः तीन आकडे लावले आणि जैनुद्दीनला जवळ बोलावून कानात सांगितले.

"हे वर अल्लाहला माहीत आणि खाली आपल्या दोघांना," ते म्हणाले. "घरात सांगू नकोस. ती पिस्तुलाला घाबरते, फेकून देईल कुठेतरी. मला शब्द दे."

जैनुद्दीननं शब्द दिला. परत येताना हाजी खिडकीतून बाहेर बघत काहीबाही बोलत होते, खुशीत होते. जैनुद्दीनला गाडी चालवणं जड जात होतं.

त्यानंच जमिनीत बोल्ट ठोकून तिजोरी पलंगाच्या उजव्या बाजूला बसवली. हाजींनी पिस्तूल आत ठेवलं. संध्याकाळी उम्म राशिद त्याला बागेत गाठून म्हणाली, "आकडे सांग मला."

"बीबी, मी शब्द दिलाय त्यांना."

ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. ती खाली बसली, विहिरीच्या कठड्यावर. "म्हणजे आता मी काय मागायचं देवाकडे?" ती म्हणाली. "माझा नवरा विसरू दे, असं?"

पहिले काही आठवडे हाजींना आकडे आठवत होते. शुक्रवारी ते चकती फिरवायचे, पिस्तूल काढायचे, पुसायचे, परत ठेवायचे. मग थंडीत एका शुक्रवारी त्यांनी जैनुद्दीनला हाक मारली. "दुसरा आकडा कुठला रे?" त्यानं सांगितला. पुढच्या शुक्रवारी तिन्ही सांगावे लागले. तो जवळ उभा राहायचा, पिस्तूल आत जाऊन दार बंद झालं की मगच खोलीतून निघायचा. आपण आहोत तोवर ठीक आहे, असं त्याला वाटायचं.

एकदा हाजींनी दार उघडलं तेवढ्यात बाहेर भाजीवाल्याची गाडी आली आणि मसूदानं जैनुद्दीनला हाक मारली. तो गेला आणि लगेच आला, तर खोली रिकामी. तिजोरीचं दार उघडं. त्यानं सगळं घर शोधलं. हाजी बागेच्या पार टोकाला, पाटाच्या कडेला बसले होते. पिस्तूल मांडीवर. पलीकडे माळी वाकून पाट साफ करत होता, त्याला काही पत्ता नव्हता, आणि हाजी त्याच्याकडे टक लावून बघत होते.

"हा माणूस कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"आपला माळी आहे, अरबाब. जुनाच आहे."

"खरं सांगतोस?"

"खरं सांगतो. द्या इकडे ते. तेल लावायचंय ना?"

हाजींनी पिस्तूल देऊन टाकलं. जैनुद्दीननं आयुष्यात पहिल्यांदा ते हातात धरलं. घरापर्यंत तो अंग चोरून चालला, पिस्तूल तिजोरीत ठेवलं आणि चकती फिरवली. आता आकडे कधी सांगायचे नाहीत, असं त्यानं तिथंच ठरवलं.

ईदला हाजींचा मुलगा राशिद, ज्याच्या नावानं त्याच्या आईला उम्म राशिद म्हणत, लंडनहून आला. तिथं तो बँकेत होता. उम्म राशिदनं आणि जैनुद्दीननं त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मसूदाचं सांगितलं, बागेतलं सांगितलं. जैनुद्दीन म्हणाला, "तुम्ही त्यांचा मुलगा आहात. तुमच्यासमोर मी उघडतो, तुम्ही घेऊन जा. मग मी शब्द मोडला असं होणार नाही."

पण मुलगा आला या आनंदानं म्हणा किंवा कशानं म्हणा, हाजी ते सगळे दिवस अगदी साफ होते. राशिदला नावानं हाक मारत होते, त्याच्या बँकेचं विचारत होते, आलेल्या पाहुण्यांना त्यांच्या आजोबांच्या गोष्टी सांगत होते. पत्त्यांच्या डावात त्यांनी मुलाला हरवलं.

"तुम्ही सगळे मिळून त्यांना म्हातारं करताय," राशिद जायच्या दिवशी म्हणाला. "परवाना बाबांच्या नावावर आहे. परत करायचा म्हणजे त्यांना पोलिसांसमोर बसवायचं आणि त्यांचं डोकं ठिकाणावर नाही म्हणून सांगायचं. मी हे करणार नाही. लोखंडाच्या पेटीत आहे ना? त्यांना उघडता येत नाही ना? मग खलास."

जैनुद्दीननं त्याला विमानतळावर सोडलं. सामान उतरवताना त्याच्या मनात आलं की पुन्हा एकदा सांगावं. राशिदनं त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "तू आहेस म्हणून मी निश्चिंत आहे." जैनुद्दीननं शेवटची बॅग उतरवून दिली.

विमान गेलं त्याच आठवड्यात हाजी पुन्हा घसरले, आणि या वेळी वर आले नाहीत. दुपारची झोप झाली की ते पलंगावरून उतरायचे, तिजोरीसमोर गालिचावर बसायचे आणि चकती फिरवायचे. मग हाक यायची.

"जैनुद्दीन, आकडे सांग."

"अरबाब, मला आठवत नाहीत."

पहिल्यांदा त्यानं हे सांगितलं तेव्हा त्याला वाटलं होतं की हाजी ओरडतील, मारतील. हाजींनी त्याच्याकडे नीट बघितलं. त्यांच्या डोळ्यांत दया आली.

"तुला पण होतं असं?" ते म्हणाले. "कुणाला सांगू नकोस. लोक हसतात. बस इथं. दोघं मिळून शोधू."

मग रोज दुपारी तेच सुरू झालं. हाजी एक आकडा म्हणायचे, जैनुद्दीननं चकती फिरवायची. कधी हाजींच्या तोंडून पहिला आकडा बरोबर यायचा, एकदा तर दोन बरोबर आले. अशा वेळी तो चकती खुणेपासून केसभर पुढं नेऊन थांबवायचा. "नाही लागत, अरबाब." "असू दे," हाजी म्हणायचे. "उद्या बघू. आठवेल. तू मनाला लावून घेऊ नकोस." आणि त्याच्या पाठीवर हात फिरवायचे.

स्वयंपाकघरात येऊन जैनुद्दीन एकदा मसूदाला म्हणाला, "बुबू, ते माझीच समजूत काढतात. माला हे सोसत नाय."

"मंग सांग त्यांना आकडे," ती म्हणाली. तिचं बोलणं टोचायला नव्हतं. तिलाही दुसरं काही सुचत नव्हतं.

"कसा सांगू?"

"नाय सांगता येत, तर बस तिथं जाऊन."

उन्हाळा लागला होता. एसीच्या आवाजात दोघं गालिचावर बसलेले असताना एका दुपारी हाजींना डुलकी लागली. बसल्या बसल्या त्यांची मान छातीवर आली. जैनुद्दीन तसाच थांबला, त्यांना उठवायचं त्याच्या जिवावर आलं. त्याचा हात चकतीवर होता. हाजींनी डोळे उघडले, समोर बघितलं, आणि चहाच्या दिवशीची तीच नजर त्याच्यावर रोखली.

"काय काढतोयस त्यातून?"

"अरबाब, मी. जैनुद्दीन."

"चोर," हाजी म्हणाले. आधी हळू, मग मोठ्यानं. त्यांनी त्याची कॉलर धरली. म्हातार्‍याच्या हातात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. उम्म राशिद धावत आली, मसूदा आली. हाजी त्याच्या तोंडावर मारत होते आणि तो हात वर करत नव्हता. "माझ्या घरात शिरलाय. पोलीस बोलवा. जैनुद्दीन कुठे आहे? जैनुद्दीनला बोलवा, तो बघेल याला."

त्या दिवसापासून ते त्यांच्या डोक्यात तसंच बसलं. हाजी सगळ्यांना विसरत होते, पण हा एक चोर त्यांच्या पक्का ध्यानात राहिला. जैनुद्दीन दिसला की ते थरथरायला लागायचे. तो आंघोळ करून, दाढी करून, कपडे बदलून समोर गेला. एकदा नुसता आवाज दिला. काही उपयोग झाला नाही. आणि तो दिसत नसला की ते दिवसभर विचारत राहायचे, जैनुद्दीन कुठे गेला, अजून का आला नाही.

उम्म राशिदनं त्याला बोलावलं. तिच्याच्यानं नीट बोलवेना. "तुला घालवून देत नाही मी," ती म्हणाली. "दुकानाच्या मआमीरच्या गोदामात जा. पगार तोच, खोली आहे तिथं. तू दिसलास की त्यांचा जीव घाबरा होतो, डॉक्टर म्हणतात हे बरं नाही. मी काय करू, तूच सांग."

"तुम्ही काही चुकीचं करत नाही, बीबी," तो म्हणाला. जायच्या आधी त्यानं तिला तिन्ही आकडे सांगितले. शब्द मोडला. तिनं ते दोनदा म्हणून पाठ केले.

मआमीरला शेजारच्या सित्र्याच्या कारखान्यांचा वास दिवसरात्र येतो. तिथं गोदामात दोरांची बंडलं आणि रंगाचे डबे उतरवून घेण्याचं काम होतं. जैनुद्दीन शुक्रवारी सनदला जायचा, मागच्या दारानं स्वयंपाकघरात बसायचा आणि मसूदा सांगेल ते ऐकायचा. आज काय खाल्लं, झोप लागली का. "तुझाच नाव घेतात," मसूदा सांगायची. "कालपण इचारलानी." तो ऐकून घ्यायचा. हाजींची खोली दहा पावलांवर होती.

वर्षअखेरीला राशिद पुन्हा आला. या वेळी बापानं त्याला ओळखलं नाही. मग मात्र सगळं भराभर झालं. हाजींना दवाखान्यात नेलं होतं तेव्हा एक पोलीस घरी आला, उम्म राशिदनं चकती फिरवली, पोलिसानं पिस्तूल कापडात गुंडाळलं आणि तो निघून गेला. तिजोरीही काढली. हाजी परत आले आणि पलंगावर निजले. उजव्या बाजूला फरशीत बोल्टांची भोकं तेवढी राहिली होती. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. तिजोरीसमोर बसणं त्यांनी आधीच कधीतरी सोडून दिलं होतं आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"आता भेटू का त्यांना?" जैनुद्दीननं राशिदला विचारलं. राशिदनं खांदे पाडले. "बघ," तो म्हणाला. "मला काही कळत नाही आता."

जैनुद्दीन दारात उभा राहिला. हाजी उशीला टेकून बसले होते, खूप वाळले होते. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो मार खायच्या तयारीनं उभा होता. पण त्यांच्या नजरेत राग नव्हता, काहीच नव्हतं.

"ये," ते म्हणाले. "नवीन आहेस का?"

"हो, अरबाब."

"कुठला तू?"

"हिंदुस्तानचा. कोकणातला. हर्णै."

"हर्णै," हाजींनी ते नाव तोंडात घोळवलं. "माझा एक माणूस आहे तिकडचा. चांगला माणूस. तू त्याच्या हाताखाली शीक." मग थोडा वेळ ते दम खात राहिले. "हल्ली येत नाही तो. रागावलाय बहुतेक माझ्यावर. भेटला तर सांगशील, की मी वाट बघतोय?"

"सांगतो," जैनुद्दीन म्हणाला.

हाजींनी डोळे मिटले. त्यानं त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली. थोडा वेळ तो तिथंच थांबला, कारण ते झोपेत होते आणि तोवर त्याला जा म्हणणारं कुणी नव्हतं. मग ते कुशीवर वळले आणि जागे होतीलसं वाटलं, तसा तो खोलीबाहेर आला.

मसूदानं त्याच्यासमोर जेवणाचं ताट ठेवलं. "ओळखलानी?" तिनं विचारलं.

जैनुद्दीननं मान हलवली. ती हो होती की नाही, हे तिला कळलं नाही, आणि तिनं परत विचारलं नाही. त्यानं दोन घास खाल्ले. गोदामाची पिकअप फाटकाशी हॉर्न वाजवत होती. तो हात धुऊन निघाला.